फॉस्टर घरातून मांजर दत्तक घेताना : पिल्लू आणावे की मोठी मांजरी?

केवडा :
नमस्कार. आम्ही पर्वरीला चौथ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशी आम्ही चार माणसे. मुलीचा पुष्कळ दिवसांचा हट्ट आहे आणि सासूबाईंनाही दुपारच्या वेळी घरात सोबत हवी आहे, म्हणून मांजर पाळायचे ठरले. विकत न आणता निराधार मांजराला घर द्यावे, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. त्यासाठी आम्ही बार्देशातील एका बाईंकडे गेलो. जखमी झालेली, टाकून दिलेली किंवा आईपासून तुटलेली मांजरे त्या स्वतःच्या घरात सांभाळतात आणि ती सुदृढ झाली की योग्य कुटुंब पाहून देतात. अशा तात्पुरत्या घराला फॉस्टर घर म्हणतात.

त्यांच्याकडे सध्या अडीच महिन्यांची दोन भावंडे आहेत आणि साधारण तीन वर्षांची, करड्या पट्ट्यांची, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली एक मांजरी आहे. तिला पाळणारे कुटुंब भाड्याचे घर सोडून गोव्याबाहेर गेले आणि ती त्या बंद घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) बसून राहिली, असे त्यांनी सांगितले. मुलगी पिल्लांत रमली. बाईंनी मात्र आमची दिनचर्या, सासूबाईंचा सौम्य दमा, बाल्कनी, एवढेच काय, चतुर्थीला आम्ही कुठे जातो हेही विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या घरासाठी मी मोठी मांजरी सुचवीन. पिल्लेच हवी असतील तर दोन्ही एकत्र न्यावी लागतील." बाल्कनीला जाळी बसवणे, मांजर देण्यापूर्वी त्यांनी आमचे घर पाहणे आणि काही कारणाने मांजर ठेवता आले नाही तर ते अन्य कोणाला न देता त्यांनाच परत करणे, अशा त्यांच्या तीन अटी आहेत.

मला स्वतःला या अटी योग्य वाटतात. माझ्या पतींना वाटते की मुलीबरोबर मांजरही लहानाचे मोठे व्हावे, म्हणून पिल्लूच आणावे, आणि तेही एकच. सासूबाईंच्या मते घर पाहायला येणे म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखवणे आहे. ज्यांनी असे मांजर घरी आणले आहे किंवा मांजरे सांभाळून इतरांना दिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. देणाऱ्या व्यक्तीच्या मताला आपण किती महत्त्व द्यावे, हा माझा मूळ प्रश्न आहे.

कौलारू :
केवडाताई, सत्तरीतील आमच्या घरात मांजर कोणी मुद्दाम आणल्याचे मला आठवत नाही. भात घरात आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येते. कोणत्या घरी राहायचे ते मांजर स्वतःच ठरवते. झाडावर चढणे, कौलांवरून फिरणे, परसात उन्हाला पडून राहणे हे सारे त्याच्या स्वभावातच आहे. जन्मभर जाळीच्या आत ठेवून आपण त्याचे भले केले, असे म्हणणे मला जड जाते. त्या बाईंच्या सद्भावनेविषयी माझ्या मनात शंका नाही, परंतु चौथ्या मजल्यावर मांजर द्यावेच का, याचा विचार त्यांनी आधी करायला हवा होता असे मला वाटते.

पिंपळपार :
चतुर्थीला कुठे जाता हे ज्या बाईंनी विचारले, त्यांचे बाकीचे म्हणणेही ऐकावे असे माझे मत आहे.

सुरंगी :
मी म्हापशाजवळ राहते आणि गेली अनेक वर्षे अशी मांजरे घरी सांभाळून देत आले आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते.

आपल्या सासूबाईंना कृपया सांगा की घर पाहायला येणारी व्यक्ती तुमची परीक्षा घेत नसते. मी कोणाच्या घरी जाते तेव्हा मांजराच्या उंचीवरून घर पाहते. खिडकीच्या गजांमध्ये डोके शिरेल एवढी फट आहे का, स्वयंपाकघरातील बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याची जागा उघडी आहे का, कपडे धुण्याच्या यंत्रामागे मांजर अडकेल का, इमारतीत उंदरांचे विष टाकतात का, खालच्या अंगणात कोणाचे कुत्रे मोकळे असतात का, हे पाहावे लागते. यांपैकी बहुतेक गोष्टी थोड्या खर्चात दुरुस्त होतात. वर्षानुवर्षे त्याच घरात राहणाऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत, यात त्याचा काही दोष नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. संस्थेच्या पिंजऱ्यात ठेवलेले मांजर पाहून आपल्याला बहुतेक वेळा त्याची भीतीच दिसते, स्वभाव दिसत नाही. तेच मांजर एखाद्या घरात काही आठवडे राहिले की पाहुणे आल्यावर ते लपते की दारात येते, मिक्सरच्या आवाजाने पळते की झोपून राहते, मुलांनी उचललेले त्याला चालते का, दुसऱ्या मांजराशी त्याचे पटते का, रात्री ते कोणाच्या पायाशी झोपते, हे सर्व कळते. फॉस्टर घरातून मांजर घेताना तुम्हाला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट ही माहितीच असते. ती बाजूला ठेवून डोळ्यांना आवडले ते मांजर निवडायचे असेल, तर फॉस्टर घरात जाण्याचा निम्मा उपयोग वाया गेला असे मी म्हणेन.

पिल्लांविषयीही बाईंचे म्हणणे बरोबर आहे. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू माणसांना सरावते, आणि चावा किती जोरात घ्यावा, नखे केव्हा आत घ्यावीत हे ते पुढेही काही महिने भावंडांबरोबरच्या कुस्तीतून शिकत राहते. एकटे पिल्लू ही सगळी कुस्ती माणसाच्या हातापायांशी खेळते. तुम्ही दोघे कामावर आणि मुलगी शाळेत असताना हा सारा खेळ सासूबाईंच्या वाट्याला येईल. चालणाऱ्या माणसाच्या पायांत धावत येणे हा तर पिल्लांचा आवडता खेळ असतो, आणि वयस्कर माणसाचे एकदा पडणे किती महागात जाते हे मी आपल्याला सांगायला नको. दोन पिल्ले असली तर ती एकमेकांत गुंततात. तरीही दोघांचा खर्च, दोघांच्या लसी आणि दोघांच्या शस्त्रक्रिया मनाशी धरूनच होकार द्यावा.

दर्यावर्दी :
कौलारूदादा, मांजर मोकळे फिरावे ही तुमची भावना मला समजते, कारण माझे आजोळ पेडण्याचे आहे आणि तिथली मांजरे मी तशीच पाहिली आहेत. परंतु "मांजर कुठूनही पडले तरी पायावर उभे राहते" या समजुतीवर चौथ्या मजल्याचा निर्णय सोडता येणार नाही. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात इमारतींवरून पडून आलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 मध्ये प्रसिद्ध झाली होती. उपचार मिळालेली सुमारे 90 टक्के मांजरे वाचली, एवढेच वाक्य लोक सांगतात. त्याच पाहणीत छातीला मार, फुटलेला जबडा आणि मोडलेले पाय यांचीही नोंद आहे, आणि जी रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नाहीत ती या हिशेबात आलेली नाहीत. पाखरामागे झेप घेताना मांजर कठड्याचा विचार करत नाही. पावसाळ्यात बुळबुळीत झालेल्या कठड्यावर तर अंदाज चुकणे आणखी सोपे असते.

जाळी प्लास्टिकची न घेता धातूची किंवा पक्क्या नायलॉनची घ्यावी आणि ती वरपर्यंत न्यावी. अर्ध्या उंचीची जाळी मांजराला चढायला शिडीसारखी उपयोगी पडते.

वळेसर :
सासूबाईंच्या दम्याविषयी लिहिते, कारण आमच्या घरी हाच प्रश्न होता. ॲलर्जी मांजराच्या केसांची असते असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात ती मुख्यतः मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तेलग्रंथींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण घरभर पसरतात. म्हणून आखूड केसांचे मांजर आणले की त्रास होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. या प्रथिनाचे प्रमाण मांजरागणिक वेगळे असते आणि शस्त्रक्रिया न झालेल्या बोक्यात ते सहसा अधिक आढळते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की सासूबाईंना त्या बाईंच्या घरी न्यावे आणि त्याच मांजरीजवळ एकदोन तास बसू द्यावे. एकाच भेटीवर न थांबता पुन्हा एकदा न्यावे, आणि त्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. एखादे मांजर फॉस्टर घरात असताना ही सोय होते. विकत आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत ती होत नाही. आम्ही तसेच केले आणि त्यानंतरच होकार दिला. आईच्या झोपण्याच्या खोलीत मांजराला प्रवेश नाही, एवढा नियम आमच्या घरी आजही पाळला जातो.

पशुवैद्य :
मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. कोणते मांजर घ्यावे यावर मी बोलणार नाही, परंतु घेण्यापूर्वी कोणती कागदपत्रे मागावीत हे सांगतो.

मांजरांच्या तीन प्रमुख विषाणुजन्य रोगांवरील एकत्रित लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात प्रथम देतात आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. याचे कारण असे, की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करू शकतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून अडीच महिन्यांच्या पिल्लांचे लसीकरण सुरू झालेले असले तरी ते पूर्ण झालेले नाही, हे लक्षात घ्यावे. या तीन रोगांतील पॅनल्यूकोपेनिया हा सर्वांत घातक आहे. त्याचा विषाणू घरातील फरशी, कापड, टोपली यांवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि नेहमीच्या फिनाईलने तो मरत नाही. तुमच्या किंवा नातेवाइकांच्या घरी मागच्या वर्षभरात एखादे पिल्लू उलट्याजुलाबांनी दगावले असेल, तर त्या घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू नेऊ नये.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी द्यावी. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामागे वर्षानुवर्षे चाललेले कुत्र्यांचे लसीकरण आहे. नियंत्रित याचा अर्थ लस अनावश्यक झाली असा होत नाही. कोणत्याही मांजराने चावले किंवा खोल ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून डॉक्टरांकडे जावे.

मोठ्या मांजरीच्या रक्ताची एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा) आणि एफईएलव्ही (मांजरांतील रक्ताच्या कर्करोगाशी संबंधित) या दोन विषाणूंसाठी तपासणी झाली आहे का, ते विचारावे. पहिला विषाणू बहुतांशी खोल चाव्यांतून पसरतो, तर दुसरा एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच भांड्यात खाण्यातूनही पसरतो. घरात दुसरे मांजर असेल तर ही तपासणी अत्यावश्यक समजावी. सहा महिन्यांखालील पिल्लांत एफआयव्हीची चाचणी आईच्या प्रतिपिंडांमुळे चुकीने होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे ती नंतर पुन्हा करावी लागते.

शेवटचा मुद्दा पावसाळ्याचा. आपल्याकडील दमट हवेत पिल्लांना गजकर्ण चटकन होतो आणि तो माणसांनाही, विशेषतः मुलांना, लागतो. कानांच्या कडा, नाक आणि पंजे नीट पाहून घ्यावेत. तो बरा होणारा आजार आहे, परंतु त्यासाठी काही आठवडे चिकाटीने उपचार करावे लागतात.

अबोली :
पशुवैद्यजी, मी सध्या गरोदर आहे आणि आमच्या घरी आधीपासून मांजर आहे. सर्व नातेवाईक ते सोडून द्यावे म्हणून मागे लागले आहेत. धागा केवडाताईंचा आहे याची जाणीव आहे, तरी कृपया दोन वाक्ये लिहावीत.

पशुवैद्य :
अबोलीताई, मांजर सोडून देण्याची आवश्यकता नाही. गर्भाला अपाय करू शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरे आहे, परंतु बहुतेक मांजरे त्याची बीजे आयुष्यातील पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकतात, आणि ती बीजे बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या शौचाचा ट्रे घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केला तर धोका अगदी कमी होतो. मांजराला कच्चे मांस देऊ नये आणि बाहेर शिकारीला सोडू नये. आपण स्वतः अर्धेकच्चे मांस आणि न धुतलेली भाजी खाणे टाळावे, बागेतील मातीत हात घालताना मोजे वापरावेत, आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचे सांगावे.

बिमली :
आहाराविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. गोव्यात मांजर म्हटले की मासळी हे समीकरण ठरलेले आहे, आणि तारले स्वस्त असले की त्यांची डोकी मांजरापुढे टाकली जातात. अधूनमधून शिजवलेली, काटे काढलेली मासळी द्यायला हरकत नाही. परंतु केवळ तारल्यांसारख्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजरात ई जीवनसत्त्वाची कमतरता होऊन त्वचेखालील चरबीला वेदनादायक सूज येते, आणि काही कच्च्या माशांतील घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. खारवलेली सुकी मासळी तर देऊच नये. शिवाय 1 जून ते 31 जुलै या मासेबंदीच्या काळात ताजी मासळी दुर्मिळ आणि महाग होते, आणि तिच्यावरच वाढलेले मांजर दुसरे काही तोंडात घ्यायला तयार नसते.

याच्या उलट टोकाची चूक श्रावणात होते. माझ्या सासरी श्रावणभर घरात मासळी शिजत नाही आणि मांजरालाही दूधभात घालण्याची पद्धत होती. मांजर हे पूर्णतः मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर डोळ्यांच्या पडद्याला आणि हृदयाच्या स्नायूला इजा होते. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये अमेरिकेतील संशोधनातून सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दूधही मोठ्या मांजरांपैकी अनेकांना पचत नाही, त्यांना जुलाब होतात. ज्या घरात श्रावण पाळला जातो तिथे तयार कोरडे खाद्य हा सर्वांना मानवणारा मार्ग आहे. आमच्याकडे सासूबाईंनी तो मान्य केला, कारण त्यासाठी चुलीवर काहीही शिजवावे लागत नाही. केवडाताई, त्या बाई मांजरीला सध्या काय घालतात ते अवश्य विचारा आणि सुरुवातीला तेच चालू ठेवा.

कौलारू :
सुरंगीताई आणि दर्यावर्दी यांचे लेखन वाचून चौथ्या मजल्याला जाळी हवी हे मला मान्य आहे. तरीही गावातील घरांबाबत माझे मत तसेच आहे. आमच्याकडे मांजर मोकळेच असते. नाग आणि घोणस परसात निघतात, रस्त्यावर वाहने वाढली आहेत, काही मांजरे परत येत नाहीत, हेही खरे आहे. मग सुरंगीताई, माझ्यासारख्याला तुम्ही मांजर देणारच नाही का?

सुरंगी :
कौलारूदादा, मी अवश्य देईन, मात्र प्रत्येक मांजर देणार नाही. जन्मापासून सदनिकेत वाढलेले, कुत्रा कसा असतो हे न पाहिलेले मांजर तुमच्या परसात टिकणार नाही. पण माझ्याकडे अशीही मांजरे येतात, जी बाजारात किंवा देवळाच्या आवारात मोठी झाली आहेत आणि बंद दाराआड रात्रभर ओरडत राहतात. त्यांना तुमच्यासारखे घर मिळाले तर मला समाधान वाटते. त्यासाठी माझी एक अट असते, ती म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याशिवाय मांजर माझ्या दारातून बाहेर जात नाही. मांजरी चारपाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा असतो आणि वर्षाला दोनतीन वेळा ती विते. पावसाच्या तोंडावर खोक्यांत भरून जी पिल्ले आमच्या फाटकाबाहेर ठेवली जातात, ती मोकळ्या फिरणाऱ्या, पण शस्त्रक्रिया न केलेल्या घरच्या मांजरींचीच असतात. गावातील घरात पहिले तीनचार आठवडे मांजराला आतच ठेवावे, म्हणजे त्याला घराची ओळख होते. त्यानंतर आधी दिवसा सोडावे आणि संध्याकाळी खाण्याच्या वेळी आत घ्यावे.

कौलारू :
हे मला पटते. आमच्याकडील दोन्ही मांजरींच्या शस्त्रक्रियेसाठी मी या आठवड्यातच चौकशी करतो.

तिळारी :
केवडाताईंनी सांगितलेली त्या मांजरीची कथा वाचून मला फार वाईट वाटले, म्हणून कायद्याविषयी लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड केवळ 10 ते 50 रुपये आहे, आणि म्हणूनच मांजर परत देण्याची अट त्या बाईंना स्वतः घालावी लागते. कायद्याने होऊ न शकणारे संरक्षण त्या एका कागदावर लिहून घेत आहेत. तो कागद जाचक वाटण्याचे काही कारण नाही. उलट घरात अकस्मात आजारपण आले किंवा बदली झाली, तर मांजराचे काय करायचे या प्रश्नाचे उत्तर तुमच्या हाती आधीच असते.

आपण सदनिकेत राहता, म्हणून आणखी एक गोष्ट. पाळीव प्राणी ठेवण्यावर गृहनिर्माण संस्थेला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाची संमती करारनाम्यातच लिहून घ्यावी, कारण घर बदलताना टाकलेली मांजरे हा आपल्याकडील वाढत चाललेला प्रश्न आहे.

पिंपळपार :
काळ्या मांजरांना घर मिळायला सर्वांत अधिक वेळ लागतो, हे या निमित्ताने नमूद करतो. आमच्याकडे काळी मांजरी आहे आणि ती रोज सकाळी माझ्या आडवी जाते. कृपया कोणी रंगावरून नकार देऊ नये.

केवडा :
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. वळेसरताईंच्या सल्ल्याप्रमाणे सासूबाईंना घेऊन आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो. मांजरी प्रथम कपाटाखाली होती. सासूबाई कोणालाही न बोलावता खुर्चीवर बसून राहिल्या, आणि काही वेळाने ती स्वतःहून येऊन त्यांच्या पदराचा वास घेऊन शेजारी बसली. सासूबाईंना श्वासाचा त्रास झाला नाही, तरीही त्यांच्या डॉक्टरांना भेटूनच पक्के ठरवू. मुलीला बाईंनी मांजरीपुढे दोरी कशी ओढायची ते शिकवले आणि एक तास ती तिच्याशीच खेळली. पिल्लांचे नाव तिने नंतर काढले नाही. माझे पतीही आता मोठ्या मांजरीला तयार आहेत. जाळीचे माप घेऊन झाले आहे.

आता दोन शंका आहेत. चतुर्थी जवळ आली आहे आणि आम्ही दरवर्षी पाच दिवस डिचोलीच्या मूळ घरी असतो. तिला बरोबर न्यावे का? आणि घरी आणल्यावर पहिले काही दिवस काय करावे?

सुरंगी :
केवडाताई, तिला चतुर्थीनंतरच आणा. नव्या घरात रुळण्याआधीच माणसांनी, आरत्यांनी आणि फटाक्यांनी भरलेल्या तिसऱ्या घरात तिला नेले, तर ती घाबरून निसटेल आणि अनोळखी गावात तिला शोधणे फार कठीण होईल. त्या बाई आणखी काही दिवस तिला आनंदाने ठेवतील, कारण आम्हा सर्वांनाच घाईने नेलेली मांजरे परत येण्याची काळजी असते. पुढील वर्षापासून तिला पर्वरीच्या घरीच ठेवा आणि तिच्या ओळखीचे कोणीतरी दिवसातून दोनदा येऊन खाणे, पाणी आणि ट्रे पाहील अशी व्यवस्था करा.

घरी आणल्यावर आधी एकच खोली द्या. त्या खोलीत खाणे-पाणी एका कोपऱ्यात, शौचाचा ट्रे दुसऱ्या टोकाला आणि लपायला एक आडवे ठेवलेले खोके असावे. लपली तर तिला ओढून बाहेर काढू नका. मुलीला खोलीत बसून मोठ्याने धडा वाचायला सांगा, म्हणजे मांजरीला तिच्या आवाजाची सवय होईल. बाईंकडून तिची वापरलेली चादर न धुता आणा. आमच्यात एक ढोबळ हिशेब आहे, की भीती जायला तीन दिवस, घराची दिनचर्या कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात. काहींना याहून अधिक वेळ लागतो, आणि ज्या मांजरीला एकदा सोडून दिले गेले आहे तिच्या बाबतीत तो द्यायलाच हवा.

आंबाडा :
चतुर्थीनंतर आणणार असाल तर लगेचच दिवाळी येते, हे ध्यानात ठेवावे. नरकासुराच्या रात्री आपल्याकडे पहाटेपर्यंत ध्वनिवर्धक आणि फटाके चालू असतात. त्या रात्री सर्व खिडक्या बंद करून, पडदे ओढून, पंखा चालू ठेवून तिला आतल्या खोलीत ठेवावे, आणि मुख्य दार उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी बजावून ठेवावे. घाबरलेली मांजरे बाल्कनीपेक्षा उघड्या दारातूनच अधिक निसटतात.

पशुवैद्य :
दोन गोष्टींची भर घालतो. नव्या घरी पहिल्या दिवशी मांजरी कमी खाईल, ते स्वाभाविक आहे. मात्र दोन दिवस तिने काहीच खाल्ले नाही तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. अंगाने जाड मांजरीत हा धोका अधिक असतो. दुसरे म्हणजे, माणसांची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीही देऊ नये, तिचा तुकडाही प्राणघातक ठरतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते, तेही मांजरासाठी विषारी आहे. बाल्कनीत शोभेचे सायकसचे झाड किंवा घरात लिलीची फुले असतील तर ती काढून टाकावीत.

अबोली :
पशुवैद्यजी, आपले उत्तर मी घरातील सर्वांना वाचून दाखवले. आता ट्रेची जबाबदारी माझ्या पतींनी घेतली आहे. केवडाताई, तिला बाईंकडून आणताना कशातून आणणार आहात? आमचे मांजर दुचाकीवरून पिशवीतून आणताना निसटता निसटता राहिले होते.

केवडा :
आम्ही चारचाकीनेच जाणार आहोत, परंतु पेटी कोणती घ्यावी हे अजून ठरलेले नाही. कृपया कोणी सुचवावे.

सुरंगी :
कडक प्लास्टिकची, समोरून आणि वरून अशी दोन्हीकडून उघडणारी पेटी घ्या, म्हणजे दवाखान्यात तिला ओढून काढावे लागत नाही. पेटी आजच घेऊन बाईंकडे पोहोचवा आणि तिच्या नेहमीच्या जागी दार उघडे ठेवून, आत तिची चादर घालून ठेवायला सांगा. न्यायच्या दिवसापर्यंत ती आपणहून आत जाऊन झोपू लागेल. निघण्यापूर्वी तीनचार तास खाणे देऊ नका, म्हणजे वाटेत उलटी होणार नाही. गाडीत पेटीवर पातळ कापड टाका, ती पुढच्या आसनामागे खाली घट्ट बसवा, आणि ती कितीही ओरडली तरी घराचे दार बंद होईपर्यंत पेटी उघडू नका.